ठिपका कुठला, ते आधी ओळखा
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पावसाळ्याच्या पहिल्या एक-दोन सरी झाल्या, की आमच्या मारुंजीत पार्किंगच्या फरशांवर इंद्रधनुष्यं उमटू लागतात. लहान मुलांना त्याची मोठी गंमत वाटते. उन्हाळाभर गाड्यांखाली टपकलेलं तेल पाण्यावर तरंगत बाहेर येतं आणि त्याचे हे रंग दिसतात. मी आयुष्यभर मोटर मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, त्यामुळे त्या रंगांकडे पाहताना माझ्या मनात वेगळाच हिशेब सुरू होतो. कुणाच्या गाडीचं टॅपेट कव्हर पाझरतंय, कुणाचा ड्रेन नट ढिला आहे, आणि कुणाला लवकरच मोठा खर्च आहे.

मारुंजी एकेकाळी निव्वळ शेतीचं गाव. शेजारी हिंजवडीला राजीव गांधी आयटी पार्क उभं राहिलं आणि इथे इमारती, टाउनशिप आल्या. नव्या चकचकीत गाड्या आल्या, पण त्यांच्या शेजारी जुन्या गाड्याही टिकून आहेत. कुणी वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, कुणी बायकोला गाडी शिकवायला घेतली आहे, कुणाला परवडते तीच आहे. आणि जुनी गाडी म्हटलं की बहुतेक वेळा ती मारुती ८०० असते. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मालकाच्या हाती किल्ली पडली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. मधल्या ३० वर्षांत २५ लाखांहून जास्त गाड्या बाहेर पडल्या. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, साधं-सरळ इंजिन. बॉनेट उघडलं की हात घालायला जागा सापडते. म्हणूनच आज मी जे सांगणार आहे, ते या गाडीला धरून सांगतो. इतर जुन्या गाड्यांना त्यातलं बरंचसं लागू पडेल.

इंजिनाला तेल गळायची सवय का लागते? इंजिन म्हणजे एकमेकांवर बसवलेल्या धातूच्या तुकड्यांची चळत. दोन तुकड्यांच्या मध्ये पॅकिंग असतं, रबराचं, बुचाचं किंवा कागदाचं. जिथे फिरता दांडा बाहेर येतो तिथे ऑइल सील असतं. रबराची एक पातळ ओठासारखी कड, तिच्यामागे बारीक स्प्रिंगची कडी, आणि ती कड फिरत्या दांड्याला हलकेच चिकटून बसलेली. गाडी नुसती उभी राहून सुरू असेल, तरी क्रँक मिनिटाला सुमारे ८०० फेरे घेतो. म्हणजे तासाला ४८ हजार. त्या ओठाची झीज होणारच. त्यात उष्णता रबराची वैरीण. वर्षानुवर्षं तापून रबरातला मऊपणा जातो, ते कडक होतं, चिरतं. बुचाचं पॅकिंग सुकून आकसतं. लक्ष्मी चौकात किंवा भूमकर चौकात संध्याकाळी अर्धा तास अडकलेली गाडी एक किलोमीटरही धावत नाही, पण तिच्या बॉनेटखाली वारा न लागता सगळं भाजत असतं. किलोमीटर कमी झाले म्हणून गाडी तरुण आहे, हा हिशेब आमच्या भागात चालत नाही.

अर्थात, आपल्या गावांना इंजिन नवं नाही. खडकीच्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना १९४६ सालची. त्या इंजिनांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी विहिरींवर पाणी उपसलं. विहिरीवरचं इंजिन चालवणारा शेतकरी सकाळी आधी तेल बघायचा, फडक्यानं इंजिन पुसायचा आणि पुसता पुसता कुठे नवी ओल आली आहे ते त्याच्या हाताला कळायचं. मोटारीचं बॉनेट बंद असतं, म्हणून आपली ही सवय मोडली. 

आता मुख्य मुद्दा. खाली ठिपका दिसला, की माणसं दोन गोष्टी करतात. एकतर दुर्लक्ष, नाहीतर घाबरून थेट गॅरेज. आमच्याच आवारातल्या एका तरुणाची गोष्ट सांगतो. हिंजवडीत नोकरीला आहे. गावाकडून वडिलांची १९९६ सालची ८०० घेऊन आला. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे या गाडीचं नूतनीकरण २०११, २०१६, २०२१ आणि आता २०२६ ला. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या मोटारींचं नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये झालं, आणि राज्याचा पर्यावरण कर वेगळा. गाडीखाली रोज तळहाताएवढा डाग पडायचा. एका गॅरेजमध्ये त्याला सांगितलं, ‘इंजिन खोलावं लागेल.’ जो आकडा सांगितला तो गाडीच्या बाजारभावाच्या वर होता. त्यानं भंगारवाल्याशी बोलणंही सुरू केलं होतं. मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, ‘काका, गाडी द्यायची म्हटलं तर वडील काही बोलत नाहीत. पण फोनवर गप्प होतात.’

मी त्याला विचारलं, ‘तेल येतंय कुठून?’ तो म्हणाला, ‘खालून.’ सगळे हेच सांगतात. तेल दिसतं खालीच, कारण ते वरून ओघळत येतं आणि गाडी धावताना वारा ते मागे ढकलतो. चेंबरच्या तळाशी लोंबणारा थेंब निघालेला असतो वरच्या टॅपेट कव्हरमधून. म्हणून गळती दुरुस्त करण्याआधी ती शोधायची, आणि शोधण्याआधी इंजिन धुऊन काढायचं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यावाचून पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिलं, ठिपका कसला आहे ते बघा. रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं पसरा, त्यांवर पुढचं चाक कुठे आहे ते पेननं लिहून ठेवा. सकाळी डाग वाचता येतो. तपकिरी किंवा काळा, बोटाला गुळगुळीत, तो इंजिन ऑइलचा. दाट आणि गंधकासारखा उग्र वास आला तर गिअरबॉक्सचं तेल. हिरवट किंवा रंगीत पाणी म्हणजे कूलंट. ते विषारी असतं, मांजरा-कुत्र्यांना चाटू देऊ नका. नितळ पाणी असेल आणि तुमच्या गाडीला एसी असेल, तर निश्चिंत राहा. पण चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, पिवळसर, पाण्यासारखं वाहणारं काही दिसलं, तर ते ब्रेकचं तेल असू शकतं. मग गाडी हलवू नका. तिथल्या तिथे मेकॅनिकला बोलवा.

इंजिन ऑइलच आहे असं ठरलं, की किती गळतंय याचा अंदाज घ्या. तेलाचा एक थेंब ०.०३ मिलिलिटरचा धरला आणि मिनिटाला एक थेंब पडत असेल, तर दिवसाला सुमारे ४३ मिलिलिटर आणि तीन-सव्वातीन आठवड्यांत एक लिटर. ८०० च्या पोटात मुळात तेल तीन लिटरच्या आसपास. म्हणजे तिसरा हिस्सा गेला. इथे एक गैरसमज दूर करतो. डॅशबोर्डवरचा तो लाल तेलाच्या बुधलीचा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, तो तेलाचा दाब दाखवतो. पातळी हळूहळू उतरत जाते तेव्हा तो शांत असतो. वळणावर तेल एका बाजूला गेलं, पंपानं हवा ओढली, की तो लुकलुकतो. तोवर बेअरिंगांनी कोरडं फिरून घेतलेलं असतं. दिवा चालत्या गाडीत लागला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद करा, ‘चौकापर्यंत जाऊ’ म्हणू नका. आणि दिव्याची वाट न बघता आठवड्यातून एकदा, सपाट जागेवर, इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून पाहा.

आता धुणं. इंजिन थंड पाहिजे. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. डिस्ट्रिब्युटर आणि कार्बुरेटर प्लास्टिकच्या पिशवीनं झाका. रॉकेल आता सहज मिळत नाही, त्यामुळे थोडं डिझेल आणि जुना पेंटिंगचा ब्रश. पेट्रोलनं इंजिन पुसायचं नाही, कधीही नाही. खाली पसरट ट्रे ठेवा, मळ त्यात पडू द्या. मग साबणाच्या पाण्याच्या फडक्यानं पुसून पूर्ण कोरडं करा. डिझेलचा वास जाईपर्यंत इंजिन सुरू करू नका. कोरड्या इंजिनावर संशयाच्या जागी साधी टाल्कम पावडर भुरभुरवा. बेल्टच्या बाजूला मात्र पावडर नको. आता गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बघा. पांढऱ्या पावडरीत काळी रेघ उमटलेली असते. तिचं सगळ्यात वरचं टोक म्हणजे गळतीचं उगमस्थान.

त्या तरुणाच्या गाडीत रेघ टॅपेट कव्हरच्या काठापासून निघाली होती. मला आश्चर्य वाटलं नाही. जुन्या ८०० मध्ये हे नेहमीचंच दुखणं. दुसरी नेहमीची जागा म्हणजे कॅमशाफ्टच्या टोकाला जिथे डिस्ट्रिब्युटर बसतो तो भाग. तिसरी ऑइल प्रेशरचा स्विच. त्याच्या वायरच्या टोकाला तेल लागलेलं असेल तर स्विच आतून पाझरतोय, तो बदलायचा. मग ऑइल फिल्टर, ड्रेन नटचं वायसर, चेंबरचं पॅकिंग. या सगळ्या जागा घरी हाताळता येतात. क्रँकचं पुढचं सील टायमिंग बेल्टच्या मागे असतं आणि मागचं सील गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय दिसत नाही. ही दोन कामं अनुभवी माणसाकडेच द्यावीत. पुढच्या सीलचं तेल टायमिंग बेल्टवर जात असेल तर उशीरही करू नये. तेलानं बेल्टचं रबर फुगतं, तो तुटला की गाडी जागच्या जागी बंद.

थांबा, पाना हातात घेण्याआधी आणखी एक तपासणी. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची आणि हीच सगळ्यात जास्त वगळली जाते. सिलिंडरमधला थोडा वायू पिस्टनच्या रिंगांवरून निसटून खाली क्रँकच्या खोलीत उतरतो. तो बाहेर जायला ब्रीदरचा पाईप असतो, टॅपेट कव्हरवरून एअर फिल्टरकडे जाणारा. हा पाईप काळ्या चिकट मळीनं तुंबला, की आत दाब साठतो आणि तो तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलतो. प्रेशर कुकरची शिट्टी तुंबली तर काय होईल, तसंच. अशा वेळी नवं पॅकिंग घातलं तरी दोन महिन्यांत तेच पाझरतं, आणि लोक पॅकिंगला नकली म्हणतात. तेव्हा पाईप काढा, डिझेलनं धुवा, आरपार फुंकर जाते का बघा, पिचकला किंवा चिरला असेल तर बदला.

मग इंजिन सुरू करून तेल भरायचं झाकण ढिलं करा आणि नुसतं वर ठेवा. हलकी थरथर ठीक. झाकण उड्या मारू लागलं, खालून निळसर धूर फुसफुसत बाहेर आला, तर रिंगा झिजल्या आहेत. तिथे मात्र ‘इंजिन खोलावं लागेल’ हे वाक्य खरं असतं. त्या तरुणाच्या गाडीचं झाकण शांत बसून राहिलं. पाईप मात्र जवळजवळ बुजला होता.

सामान आणायला आम्ही नाना पेठेत गेलो. पुण्यात गाड्यांच्या सुट्या भागांसाठी माणूस पहिल्यांदा तिथेच वळतो. दुकानदाराला गाडीचं साल आणि कार्बुरेटरची आहे की इंजेक्शनची, हे सांगायचं. शक्य असेल तर जुनं पॅकिंग सोबत न्यायचं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग मागताना बोल्टखालची रबरी वायसरंही मागून घ्या. ती छोटी असतात म्हणून विसरतात, आणि पाझर तिथूनच चालू राहतो. हे सगळं काहीशे रुपयांत येतं.

रविवारी सकाळी काम काढलं. इंजिन रात्रभर थंड झालेलं. एअर फिल्टरची डबी काढली, ब्रीदर काढला, प्लगच्या वायरींना कागदी पट्ट्या लावून १, २, ३ लिहिलं. कव्हरच्या कडेची माती ब्रशनं झाडून घेतली, कारण कव्हर उघडल्यावर ती थेट इंजिनाच्या पोटात पडते. बोल्ट काढताना एकदम एक काढू नये, सगळे अर्धा-अर्धा फेरा ढिले करत जावं. कव्हर चिकटलेलं असतं. त्याच्या फटीत स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचा मोह टाळा. खालचं हेड ॲल्युमिनियमचं, एक ओरखडा पडला की कायमची गळती विकत घेतली. लाकडी मुठीनं चारी बाजूंनी हलके ठोके द्या, सुटतं.

त्या मुलानं खेचलं तेव्हा जुनं पॅकिंग चकलीसारखं तुटत आलं. रबर असं वाजायला लागलं, की त्याचं आयुष्य संपलं समजायचं. तुकडे बोटांनी आणि प्लास्टिकच्या पट्टीनं खरवडायचे, आत पडू द्यायचे नाहीत. आत सुती, धागे सुटणारी चिंधी नको. धागा तेलाच्या जाळीत जाऊन बसतो. जुनी बनियन उत्तम. कव्हर धुऊन काचेवर पालथं ठेवा. खाली कुठे उजेड दिसला तर कड वाकली आहे. अशी कड बहुधा आधी कुणीतरी जोर लावून बोल्ट आवळल्यामुळे वाकलेली असते.

जोराबद्दलच सांगतो. आपल्याकडे ‘घट्ट म्हणजे चांगलं’ असा समज आहे. काहीजण पान्याला पाईप लावून आवळतात. टॅपेट कव्हरचे बोल्ट बारीक असतात, १० नंबरच्या पान्याचे. त्यांचं काम रबराला नुसतं दाबून धरण्याचं. जास्त आवळलं की रबर बाहेर सरकतं, कव्हर वाकतं किंवा आटे जातात. पाना डोक्याजवळ धरा, अंगठा आणि दोन बोटं एवढाच जोर. मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला, समोरासमोरचे, दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्क रेंच असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा, उत्तमच.

दुसरा समज त्या ट्यूबमधल्या सीलंटचा. ‘ॲनाबाँड लावून टाका’ हे वाक्य प्रत्येक नाक्यावर ऐकू येतं. रबरी पॅकिंगला सीलंट लागत नाही. दोन भागांचा सांधा जिथे पॅकिंगखाली येतो, तेवढ्या कोपऱ्यात वाटाण्याएवढा ठिपका पुरे. सढळ हातानं लावलेला सीलंट आतही तेवढाच फुगतो, वाळून तुटतो आणि चेंबरमधल्या जाळीवर जाऊन बसतो. बाहेरची गळती थांबवण्याच्या नादात आतला तेलाचा रस्ता बंद होतो. गळती थांबवणारी औषधं मिळतात, तीही मला फारशी पटत नाहीत. कडक झालेल्या सीलला ती थोडी फुगवतात, गळती काही काळ मंदावते. चिरलेल्या पॅकिंगवर त्यांचा उपयोग नाही.

ड्रेन नट पाझरत असेल तर तेल बदलतानाच त्याचं वायसर बदला. आटे गेले असतील तर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका, लेथवाल्याकडे जा. आणि गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर कधीही जाऊ नका. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा, गाडी हातानं हलवून पाहा, मगच खाली डोकं घाला. जॅक गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नसतो. हे मी वर्गात दरवर्षी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचो.

कव्हर बसलं, ब्रीदर बसला, तेल पातळीपर्यंत भरलं. जुन्या कार्बुरेटरच्या ८०० ला २०डब्ल्यू-४० चालतं. डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर एक थेंबही नको. जास्त तेलही गळतीला निमंत्रण देतं. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवून टॉर्चनं काठ पाहिला. पहिल्या दिवशी थोडा जळका वास येतो, तो एक्झॉस्टवर आधी सांडलेल्या तेलाचा. दोन-तीन दिवसांत गेला नाही, तर पुन्हा बघायचं. तापलेल्या एक्झॉस्टवर सतत पडणारं तेल पेट घेऊ शकतं, त्यामुळे त्या वासाची सवय करून घेऊ नये.

राहिला प्रश्न ट्रेमधल्या तेलाचा. बरेच जण ते कंपाउंडच्या कडेला ओततात, ‘मुंग्या-वाळवी लागत नाही’ म्हणून. वापरलेल्या तेलात धातूचे कण आणि जळालेली घाण असते. २०१६ च्या नियमांत ते धोकादायक कचऱ्यात धरलं आहे. उन्हाळ्यात आम्ही इथे टँकरची वाट बघतो, बोअरवेलचं पाणी जपून वापरतो. ज्या जमिनीत तेल ओततो तीच ती जमीन, आणि पावसात वाहून गेलं तर ते ओढ्यावाटे शेवटी मुळेलाच मिळतं. तेल जुन्या कॅनमध्ये, झाकण घट्ट लावून, तेल बदलणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. त्यांच्याकडे ते अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे जातं. तेलकट चिंध्या एकावर एक कोंबून ठेवू नका, वाळवून वेगळ्या पिशवीत बांधा. फरशीवरच्या डागावर लाकडाचा भुसा पसरा, रात्रभर ठेवा, मग झाडा. पाण्याचा पाईप मारून डाग जात नाही, तो फक्त दुसऱ्याच्या दारात जातो.

त्या तरुणानं डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही ठेवली आहे. दर रविवारी किलोमीटर आणि डिपस्टिकची पातळी लिहितो, वडिलांना फोनवर सांगतो. टॅपेट कव्हरची कड कोरडी आहे. बेल्टच्या बाजूला, चेंबरच्या कोपऱ्यावर मात्र अजून पुसटशी ओल दिसते. ती क्रँकच्या पुढच्या सीलची असावी असा माझा अंदाज आहे. बेल्टवर अजून तेल नाही, तो आम्ही कव्हरची कड उचलून पाहिला. नूतनीकरणाच्या तपासणीआधी टायमिंग बेल्ट आणि ते सील एकाच वेळी बदलून घ्यायचं ठरलं आहे. ते काम आम्ही दोघं करणार नाही, माझा एक जुना विद्यार्थी करणार आहे.